रिपोर्टाची शेवटची ओळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटाची सोनोग्राफी झाली. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि तो घरच्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीबद्दल खोटं बोललो.

कसालचा बाजार सोडून आत वळलं की आमची वाडी. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. त्यामुळे वाडीत इंग्रजीत छापलेलं जे काही येतं ते फिरत फिरत माझ्या पडवीत येतं. बँकेची नोटीस, विम्याचा कागद, आणि सगळ्यात जास्त म्हणजे रक्ता-लघवीचे नि पोटाचे रिपोर्ट. डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं असतं, तरी माणसं येतात. "डाक्टर घायत बोलतत, मास्तरांनु. तुमी सवकाश वाचा." मी सावकाश वाचतो. मी वाचलं की माणसांचा जीव खाली बसतो, हे मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

दुसरी गोष्ट काविळीच्या औषधाची. आमच्या घरात हे औषध तीन पिढ्या आहे. एका झाडाची साल ताकात उगाळायची, रविवारी आणि बुधवारी, उपाशीपोटी, सूर्य वर यायच्या आत. माणसानं येताना नारळ आणायचा, तो तुळशीकडे ठेवायचा, औषध घ्यायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. एकवीस दिवस मासे नाहीत, तेल नाही, आणि दुसरं कुठलंही औषध नाही. डॉक्टरचंसुद्धा नाही. ताई म्हणायची, "एकवीस दिस बांगडो नाय बघलो काय कावीळच कंटाळून पळता."

बाबांचा आणखी एक नियम होता. एकदा औषध दिल्यावर पुन्हा कधी डोळे पिवळे झाले, तर बाबा औषध देत नसत. नारळही परत करत. "परत इली तर ती आमची न्हय. डाक्टराकडे जावा," एवढंच म्हणत आणि आत निघून जात. माणसं चिडायची, हातापाया पडायची. बाबा बाहेर येत नसत. ते चौथी शिकलेले होते. साधी कावीळ आपली आपण बरी होते आणि जी पुन्हा पुन्हा येते ती निराळी, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं, एवढं खरं.

बाबा गेल्यावर औषध माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षात माणसं निम्म्यावर आली. वाण्याच्या दुकानात मी उभा असतानाच एकजण म्हणाला, "हातगुण बापाशीचो होतो. मास्तराचो खडू धरूचो हात." सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही.

तेवढ्यात ताईचे डोळे पिवळे झाले.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तारकर्लीला दिलेली. भावोजींची नारळाची बाग, आणि पुढे पर्यटक वाढले तशा त्यांनी मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या. ताई तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या पन्नास माणसांचं जेवण एकटीनं उरकायची. तिच्या पोटात अधूनमधून दुखायचं, उजवीकडे, बरगडीच्या खाली. उलट्या व्हायच्या, दोन दिवस झोपून काढायची आणि तिसऱ्या दिवशी मासे साफ करायला बसायची. "पित्त," म्हणायची. अठरा वर्षांची असताना तिला एकदा कावीळ झाली होती आणि बाबांनीच तिला औषध दिलं होतं. म्हणजे बाबांच्या नियमानं ही दुसरी खेप. मी तिला औषध द्यायला नको होतं. पण मी मनात म्हटलं, ते औषध बाबांचं होतं, माझ्याकडे तिची ही पहिलीच खेप. नियम वाकवायचा ठरवला की असे हिशोब सुचतात.

मी औषध दिलं. चौथ्या दिवशी तिचे डोळे स्वच्छ. ताईनं मालवणच्या मासळीबाजारात सगळ्यांना सांगितलं, "माझ्या भावाच्या हाताक गुण आसा." ज्या बायका तिच्याशी दरावरून भांडायच्या त्यासुद्धा पुढच्या रविवारी आपापले नवरे घेऊन माझ्या दारात. पडवी भरून गेली. माझी पत माझ्या बहिणीच्या डोळ्यांवर उभी राहिली होती.

दीड वर्षानं ते डोळे पुन्हा पिवळे झाले. या वेळी दुखणंही फार होतं. भावोजींनी मला न विचारता तिला मालवणात डॉक्टरकडे नेलं, सोनोग्राफी केली, आणि शनिवारी दुपारी मोटारसायकलवरून ताईला मागे बसवून रिपोर्टासकट माझ्याकडे आले. डॉक्टरनं सोमवारी परत बोलावलं होतं. मधे रविवार होता, औषधाचा वार.

पडवीत आम्ही तिघेच होतो. मी चष्मा लावला.

"खडे आसत?" भावोजींनी विचारलं.

"खडे नाहीत," मी म्हणालो. एरवी मी त्यांच्याशी मालवणीत बोलतो, पण रिपोर्ट हातात आला की माझ्या तोंडी शाळेची मराठी येते.

"बघ, मी सांगी होतंय," ताई म्हणाली. "खडे खयसून येतले? ह्येंच्या घरचा खाऊन दगड होवचे तर आधी ह्येंच्या टकलेत झाले असते."

"टकलेत आसतत म्हणान तर तुका पन्नास जनांचा जेवान करूक लावलंय," भावोजी म्हणाले. "मास्तर, फुडे वाचा."

"लिव्हर ठीक आहे. मूत्रपिंडं ठीक."

भावोजी कागदावर वाकले. त्यांना इंग्रजी येत नाही, पण माणूस बारीक. शेवटची ओळ जाड अक्षरांत होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ह्या काय लिवला हा? ह्या जाड कित्याक?"

त्या ओळीत लिहिलं होतं की पित्ताची नळी नेहमीपेक्षा रुंद दिसते, एमआरसीपी तपासणी करून कारण शोधावं. मला एमआरसीपी म्हणजे काय ते तेव्हा माहीत नव्हतं. पण 'कारण शोधावं' हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते मी आज सरळ लिहितो. ही आता गोव्याला जाणार, मोठ्या इस्पितळात. माझ्या औषधाचा जिवंत पुरावाच गोव्याला उपचाराला गेला म्हटल्यावर मासळीबाजारात दोन दिवसांत कळणार. मग वाण्याचं दुकान आणि ते हसणं. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. बहिणीला काय झालं असेल हा विचार त्याच्या नंतर आला. खूप नंतर.

"ते नेहमीचं असतं," मी म्हणालो. "गरज वाटल्यास पुढे दाखवा, असं सगळ्याच रिपोर्टांखाली लिहितात."

"मगे सोमवारी जावचा काय नको?"

"उद्या रविवार आहे. औषध सुरू करतो. ते चालू असताना दुसरं काही नको."

"मगे नको," ताई म्हणाली. "डाक्टरापुढे पोट उघडा टाकून निजाचा म्हणजे माका लाजच वाटता."

भावोजींनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर म्हणतत तर ठीक. रिपोर्ट तुमच्याकडेच ठेवा. आमच्याकडे गिऱ्हाइकांच्या बिलांत खंय तरी जातलो."

मी तो घडी करून जाड इंग्रजी शब्दकोशात ठेवला. पाचव्या दिवशी ताईचे डोळे पांढरे झाले.

पुढची सहा वर्षं तिला असंच कधी दुखायचं, कधी थांबायचं. डोळे पुन्हा पिवळे झाल्याचं मला दोनदा दिसलं, तिनं मला तीनदा सांगितलं. मी दर वेळी औषध दिलं. आणि मग तिचं वजन उतरायला लागलं. अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी व्हायला लागली, आणि डोळ्यांचा पिवळेपणा जाईना. एकवीस दिवस झाले, बावीस, तेवीस. चोविसाव्या दिवशी भावोजी मला फोनवर म्हणाले, "आता मी गोव्याक नेतंय. तुमी येतात काय?" विचारल्यासारखं नव्हतं ते.

गोव्यातल्या त्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान असतील. गळ्यात बारीक क्रूस, बोलणं कोकणी-मराठी मिसळून. सगळ्या तपासण्या होऊन दोन आठवडे गेले होते. गाठ पित्ताशयात सुरू झाली होती आणि यकृतात शिरली होती. कापून काढायच्या पलीकडे. हे त्यांनी आधी सांगितलं, मग भावोजींनी विचारलं की खडे नसताना पित्ताशयाचा कॅन्सर कसा होतो. तेव्हा त्यांनी एका कोऱ्या कागदावर चित्र काढलं.

"पित्ताची नळी वयल्यान येते, स्वादुपिंडाची कडेन. दोन्ही आतड्यात उघडतात. उघडतात तिथं एक दार असतं, ते पाणी उलटं जाऊ देत नाही. यांच्या पोटात या दोन नळ्या दाराच्या खूप आधीच एकत्र झाल्यात. जन्मापासून. म्हणून स्वादुपिंडाचा रस उलटा पित्ताशयात जात राहिला. तुमची खाडीकाठची शेती आहे ना? बांध फुटून खारं पाणी आत आलं तर काय होतं?"

"भात जळता," भावोजी म्हणाले.

"एका दिवसात?"

"नाय. वर्साक वर्स. आधी पान पिवळा पडता, मगे पीक कमी येता, मगे जमीनच जाता."

"तसंच. तो रस पित्ताशयाची आतली कातडी जाळतो. ती नवी येते, परत जळते. सतत नव्या पेशी बनत राहिल्या की त्यांच्यातल्या जनुकांत चुका होतात." त्यांनी दोन नावं लिहिली, केआरएएस आणि टीपी-५३. "यांच्या गाठीत ही दोन्ही बिघडलेली सापडली. पहिलं बिघडलं की पेशीला वाढत राहा असा हुकूम मिळतो. दुसरं राखणदार. ते गेलं की बिघडलेल्या पेशीला कोणी थांबवत नाही. पहिलं बहुतेक पुष्कळ वर्षांपूर्वी बिघडलं असावं."

मला एक वाट दिसली. मी विचारलं, "म्हणजे हे जनुकांतलं. आईवडिलांकडून आलेलं. नशिबात होतंच."

मला 'हो' हवं होतं. तिथे त्या खुर्चीवर बसून मी बाबांच्या आणि आईच्या रक्तावर सगळं ढकलायला तयार होतो.

"ना," त्या म्हणाल्या. "नळ्यांचा जोड जन्मापासूनचा, पण ही जनुकं जन्मताना चांगली होती. बिघडली ती पित्ताशयातच, नंतर, हळूहळू. वेळ होता."

"कितको वेळ?" भावोजींनी विचारलं.

"ते कोण सांगणार. पण नळीचा दोष आधी कळला असता तर पित्ताशय आणि ती रुंद नळी काढून आतडं जोडून दिलं असतं. गाठ व्हायच्या आधी आम्ही तेच करतो. पूर्वी कधी सोनोग्राफी नव्हती केली?"

खोलीत पंखा होता, तो मधेच कुरकुरायचा. मला फक्त तेवढं ऐकू येत होतं.

"केली होती," भावोजी म्हणाले. "सहा वर्सा झाली. साफ होती. मास्तरांनी वाचली. खडे नव्हते."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "नळीबद्दल काही लिहिलं होतं?"

"आठवत नाही."

"रिपोर्ट आहे?"

"शोधावा लागेल," मी म्हणालो. "सापडेलसं वाटत नाही."

भावोजी औषधं आणायला खाली गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "हा दोष सहसा घराण्यातून येत नाही. पण क्वचित एकाच घरात दोघांना सापडतो. मुलीची एकदा एमआरसीपी करून घ्या. आणि तुमचीही. विसरू नका." मी हो म्हटलं. भावोजी वर आले तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भावोजींनी विचारलं असतं की रुंद नळी सोनोग्राफीत दिसते का. मग त्यांना ते जाड अक्षर आठवलं असतं.

माझी स्वतःची तपासणी मी महिनाभरात गुपचूप करून घेतली. काही निघालं नाही. हेही इथे लिहायलाच हवं.

ताई सात महिने जगली. बघायला येणाऱ्या बायकांना ती सांगायची, "भावाच्या औषधान सहा वर्सा काढलंय. नायतर कवाच गेलंय असतंय." मी समोर बसलेला असायचो. शेवटच्या महिन्यात एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. "मेल्या, एकदाच औषध दी मरे. उगाळून आण. माका बरा वाटतला." दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन गेलो. वाटीत नुसतं ताक होतं. साल उगाळायला माझा हात धजला नाही. तिनं दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "कडू आसा. म्हणजे गुण येतलो."

त्यानंतर दोन वर्षं गेली. मी औषध देणं थांबवलं नव्हतं. लोक यायचे, मी द्यायचो. बंद केलं तर का म्हणून विचारतील, एवढीच भीती.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एका रविवारी मी पडवीचं दार उघडलं तर रांगेत पहिली माझी भाची उभी. ताईची एकुलती एक मुलगी. सत्तावीस वर्षांची, दोन्ही खोल्यांचं बुकिंग तीच बघते. हातात सोललेला नारळ. तिच्या मागे दोन अनोळखी माणसं. तारकर्लीहून अंधारातच निघून स्कूटीवरून आलेली.

"मामा, बघ," ती म्हणाली आणि बोटानं खालची पापणी ओढली.

पडवीतल्या ट्यूबलाइटमध्ये पिवळं नीट दिसत नाही. नुकतं फटफटलं होतं, मी तिला अंगणात उजेडात नेलं. पिवळं होतं. फार नाही, हळदीचा हात लागलेल्या पांढऱ्या कपड्यासारखं.

"पोटात दुखता?"

"उजव्या बाजूक. जेवल्यार."

"किती दिवस?"

"ह्या खेपेक चार दिस. आधी दोन-तीनदा झाला होता. पप्पांक सांगूक नाय."

मी तिच्या हातातला नारळ घेतला आणि परत तिच्याच हातात ठेवला.

"औषध नाही देणार. सोनोग्राफी कर. पुढे गोव्याला जाऊ."

"सोनोग्राफी?" ती हसली, पण रागानं. "आवशीची नाय केली? साफ होती. तूच वाचलंस. साफ असान काय झाला? तेतूर काय दिसना नाय, मामा. पैशे घेतत आणि खडे नाय म्हणान सांगतत."

माझं खोटं तिच्या तोंडून असं बाहेर आलं. नुसतं माझ्यापुरतं पडून राहिलेलं नव्हतं ते. तारकर्लीच्या त्या घरात इतकी वर्षं ते खरं म्हणून राहत होतं, आणि त्यामुळे ही मुलगी तपासणीला जाणार नव्हती.

"औषध मिळणार नाही," मी पुन्हा म्हणालो. मागची माणसं चुळबुळ करायला लागली.

"लोकांक देतंस. माका कित्याक नाय?"

"बाबांचा नियम आहे. परत इली तर ती आमची न्हय."

"माझी खंय परत इली? तू माका कधी दिलंस?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आवस गेल्यार तू आमच्याकडे येना नाय. चतुर्थीक इलंस, शिधो ठेवलंस, गेलंस. आता दारातसून परत धाडतंस. रव, मी दुसऱ्याकडे जातंय."

ती गेली. मी त्या दोन माणसांनाही परत पाठवलं. तो रविवार माझ्या औषधाचा शेवटचा. लोकांना मी झाड वाळलं असं सांगितलंय. झाड हिरवंगार आहे.

मंगळवारी भावोजींचा फोन आला. माझ्याबद्दल तक्रार नव्हती, उलट संकोच होता. भाची देवगडकडच्या कुणाकडे जाऊन औषध घेऊन आली होती. त्यांचाही एकवीस दिवसांचा नियम. "पिवळा कमी झाला हा," ते म्हणाले. "पण मास्तर, माका भय वाटता. तिच्या आवशीचा पण असाच कमी होय."

बुधवारी मी शाळेत रजा टाकली आणि तारकर्लीला गेलो. शब्दकोशातला कागद पिशवीत घेतला होता. वाटेत प्रत्येक थांब्यावर ठरवत होतो, आधी भावोजींना द्यायचा, मग तिला. नाही, दोघांना एकदम. मालवणला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, मास्तर बरे आसात मां.

भावोजी वायंगणाच्या, उन्हाळी भाताच्या कामाला गेले होते. भाची मागच्या खोलीतल्या चादरी बदलत होती. तिनं मला पाहिलं आणि चादर झटकत राहिली.

"बस," मी म्हणालो.

"उभीच बरी आसंय."

माझा हात पिशवीत होता. कागदाची कड बोटाला लागत होती.

"तुझ्या आईच्या वेळी गोव्याच्या डॉक्टरांनी मला एक सांगितलं होतं," मी म्हणालो. "मुलीची एमआरसीपी करून घ्या म्हणून. हा दोष क्वचित घरात दुसऱ्यालाही असतो. सोनोग्राफी नाही, ती वेगळी तपासणी. तिच्यात नळ्या दिसतात."

चादर थांबली. "कधी सांगल्यानी?"

"तेव्हाच."

"तेवाच म्हणजे? आवस जिती होती तेवा?"

"हो."

"दोन वर्सा जास्त झाली." ती खाटेच्या कडेवर बसली. "पप्पांक म्हायत आसा?"

"नाही."

"आणि तू आता सांगतंस. माझे डोळे पिवळे झाल्यार." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "विसरलंस काय रे, मामा?"

मी म्हणालो, "विसरलो."

पिशवीतला हात मी रिकामाच बाहेर काढला. छोट्या गुन्ह्याची कबुली दिली की मोठा झाकता येतो, हे मी त्या दिवशी त्या खोलीत शिकलो. काम झालं होतं, ती गोव्याला तपासणीला जाणार होती. मी स्वतःला सांगितलं, महत्त्वाचं एवढंच.

ती गेली. एकवीस दिवस मोडले. त्याच डॉक्टरीणबाईंनी एमआरसीपी केली. नळी रुंद नव्हती, पण जोड चुकीचा होता, आईसारखाच, दाराच्या खूप वर. पित्ताशयाची भिंत जाड दिसत होती. "थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. पंधरा दिवसांनी ऑपरेशन ठरलं. भावोजी त्या पंधरा दिवसांत माणसातून उठल्यासारखे झाले होते. पर्यटकांना चहात मीठ घालून दिलं एकदा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भाची खाटेवर बसून मोबाइलवर बुकिंगवाल्यांना कळवत होती, खोल्या महिनाभर बंद म्हणून. मी बाजूला स्टुलावर. मोबाइल खाली ठेवून तिनं विचारलं, "मामा, आवशीचा आधी कळला असता तर ती वाचली असती?"

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते मला शब्दन् शब्द पाठ होतं.

"ता कोणाक म्हायत, बाय," मी म्हणालो. मालवणीत.

तिनं मान हलवली आणि मोबाइल उचलला.

पित्ताशय काढलं. तपासून तीन आठवड्यांनी अहवाल आला. तो या वेळी डॉक्टरीणबाईंनीच ओळ न् ओळ मराठीत सांगितला, मी नुसता ऐकत होतो. आतली कातडी जाड झालेली, पेशी नको तेवढ्या वाढलेल्या, केआरएएस एका जागी बिघडलेलं. टीपी-५३ शाबूत. कॅन्सर नाही. "आणखी काही वर्षं गेली असती तर काय ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण आता तिथं जळायला काही उरलेलं नाही. नळीसाठी दर वर्षी येत जा."

बाहेर व्हरांड्यात भावोजींनी माझे दोन्ही हात धरले. ते रडत होते. "मास्तर, तुमी होतास म्हणान," एवढंच त्यांना बोलता आलं. मी हात सोडवून घेतले नाहीत.

भाची आता बरी आहे. मासे खाते, दरावरून भांडते, आईसारखीच. मला फोन करते, पण पूर्वीसारखं थट्टेनं बोलत नाही. मी विसरलो यावर तिचा विश्वास बसलेला नाही असं मला वाटतं.

हे लिहून काढायला मला चार महिने लागले. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. भावोजींना मी सोनोग्राफीचा तो कागद देणं लागतो, त्यांनी बोट ठेवलेल्या ओळीच्या खऱ्या अर्थासह. आणि भाचीला तिच्या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो. ते उत्तर 'हो' असं आहे. दोन्ही मी अजून दिलेली नाहीत.